दहा बाय दहाची खोली, एक बंक बेड, दोन मुलं : प्रत्येकाला स्वतःचा कोपरा कसा करून द्यायचा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुलगी 11 ची, मुलगा 7 चा, खोली दहा बाय दहा, सुताराकडून करून घेतलेला प्लायचा बंक बेड कोपऱ्यात, मुलगी वर झोपते. दोघांनाही ‘फक्त माझी’ अशी जागा हवी आहे आणि वर-खाली दोन्हीकडे पडदे लावावेत असं तुम्हाला वाटतंय. खाली जरूर लावा. वर लावू नका. आणि या सगळ्याच्या आधी मान वर करून पंख्याकडे बघा.

हिशेब साधा आहे. खोली 120 इंच, पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून 60 इंचांवर. घरातला नेहमीचा पंखा 1200 मिमीचा असतो, त्याच्या पात्याचं टोक मध्यापासून 24 इंच बाहेर येतं. म्हणजे ते भिंतीपासून बरोबर 36 इंचांवर फिरतंय. तीन फुटी गादी आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या धरून तुमचा बेड 38 इंच तरी असणार. थोडक्यात, पाती बेडच्या कडेवरून जाताहेत. आता उंची. स्लॅब साडेनऊ फुटांवर (114 इंच) धरला तर पाती साधारण 100 इंचांवर येतात. वरच्या गादीचा माथा बहुतेक 58 इंचांच्या आसपास असतो. त्यावर चार फुटांचं मूल उभं राहिलं की डोकं 106 इंचांवर. फॉल्स सीलिंग असेल तर हिशेब आणखी वाईट. वर आडोसा केला की मूल तिथे जास्त वेळ खेळणार, उठबस करणार, अंथरूण झटकणार. म्हणून आधी हा पंखा काढा. 600 मिमीचा छोटा पंखा लावून भागत नाही. टोक 48 इंचांवर जातं, पण कठड्यावरून वाकलेल्या मुलाचा हात तिथपर्यंत सहज पोचतो. समोरच्या भिंतीवर 400 मिमीचा फिरता वॉल फॅन लावा. छताच्या पंख्याची हवा खालच्या बेडवर जवळजवळ पोचतच नाही, वॉल फॅनची दोन्हीकडे पोचते.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. दोघांची अदलाबदल करा. मोठ्याने वर झोपायचं ही पद्धत पडून गेली आहे, पण आडोसा खरा होतो तो खालीच. वर छत आहे, खाली गादी आहे, दोन बाजूंना भिंत आहे. एक पडदा ओढला की खोली तयार. अकरा वर्षांच्या मुलीला ती गरज सात वर्षांच्या मुलापेक्षा नक्कीच जास्त आहे. अमेरिकेतल्या बंक बेडच्या सुरक्षा नियमांत 6 वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये अशी सूचना बेडवरच छापावी लागते. तुमचा मुलगा त्या वयापुढे गेला आहे. मात्र तो रात्री अर्धवट झोपेत शूला उठत असेल किंवा झोपेत चालत असेल, तर अजून वर्ष-दीड वर्ष थांबा.

अदलाबदलीआधी खालची बैठी उंची मोजा. मुलीला जमिनीवर ताठ बसवा आणि डोक्यापर्यंत टेप लावा. या वयात साधारण 29-30 इंच भरतात. गादीच्या माथ्यापासून वरच्या बेडच्या तळापर्यंत 34 इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर ती तिथे फक्त झोपेल, बसणार नाही. कमी पडत असेल तर खालची गादी 6 ऐवजी 4 इंचांची करा. बेड फोडायला जाऊ नका.

आता खालचा पडदा. बाजारात मिळणारी स्प्रिंगची दाबाची दांडी इथे कुचकामी. सहा-सव्वासहा फुटांच्या अंतरात ती मध्ये झोळ घेते आणि कुणी पडदा जोरात ओढला की लॅमिनेटवरून सरकून डोक्यात पडते. पडद्याचा ॲल्युमिनियम ट्रॅक घ्या, वरच्या बेडच्या पुढच्या फळीच्या खालच्या अंगाला बसवा. 75 इंचांच्या लांबीला 6 स्क्रू, म्हणजे दर 15 इंचांवर एक. ती फळी 18 मिमी प्लायची असेल तर स्क्रू प्लायच्या कडेत शिरतो आणि थर फाकतात, म्हणून आधी 2 मिमीचं भोक पाडून मगच स्क्रू पिळा. ट्रॅक फळीच्या बाहेरच्या काठाला धरून लावा. आतल्या काठाला लावलात तर कापड गादीवर साचतं आणि रात्री मुलीच्या अंगाखाली येतं.

कापड विकत घ्यायची गरज नाही. एक जुनी सुती साडी पुरते, आणि अगदी मापात पुरते. साडीची रुंदी 45 इंच. ती आडवी धरायची, म्हणजे एक काठ वर आणि एक काठ खाली येतो. वरचा काठ 3 इंच दुमडून शिवला की ट्रॅकच्या हुकांसाठी दुहेरी, मजबूत पट्टी मिळते. खालचा काठ मुळातच घट्ट विणीचा असतो, त्याला शिवण लागत नाही आणि त्याच्या वजनाने पडदा सरळ पडतो. उरली 42 इंच उंची. ट्रॅक जमिनीपासून 50 इंचांवर असेल तर पडदा जमिनीच्या 8 इंच वर संपतो. केर काढताना अडत नाही, पायात येत नाही, आणि 14 इंचांवरच्या गादीच्या खाली 6 इंच उतरतो, म्हणजे फटही राहत नाही. लांबीचं गणित: 75 इंचांच्या बाजूला चुण्यांसाठी दुप्पट कापड, म्हणजे 150 इंच, पावणेचार मीटरच्या थोडं वर. साडी साडेपाच मीटर. उरलेल्या जेमतेम पावणेदोन मीटरमध्ये पायाकडची 36 इंचांची बाजू दीडपट चुण्या घेऊन होते. मोठ्या बाजूचे दोन भाग करा, मधून उघडणारे. पदर उशीकडच्या भागाला येऊ द्या. मुलीला आवडेल असं नक्षीकाम तिथेच असतं. साडी आधी एकदा गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. जरीचा काठ टोचतो, तो बाहेरच्या अंगाला ठेवा. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर नको. उकडतं, आणि उष्णता लागली तर वितळून कातडीला चिकटतं.

शिडी पुढच्या बाजूला असेल तर पडदा शिडीच्या मागून गेला पाहिजे, आणि उघडल्यावर कापडाचा गठ्ठा शिडीच्या बाजूला अजिबात साचू देऊ नका. वरून उतरणाऱ्याचा पाय पायरीवर न पडता कापडावर पडतो. तिकडचा भाग बंदच ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूनेच आत-बाहेर करायचं, हे सोपं.

पायाकडच्या बाजूच्या वरच्या 8 इंचांत साडीऐवजी मच्छरदाणीची जाळी जोडा. मुंबई-कोकणात हवा कोंडली की तासाभरात घामाची चिकचिक होते आणि मूल स्वतःच पडदा काढून फेकतं. दिवसा पडद्याच्या चुण्या हे डासांचं आवडतं ठिकाण आहे, तेव्हा संध्याकाळी दिवे लागायच्या आधी पडदा एकदा झटकायचा. आणि झोपताना एक भाग उघडा. हा आडोसा वाचायला, बसायला, रुसायला आहे; रात्रभर बंद ठेवायला नाही.

वरच्या बेडला पडदा का नको, ते सांगतो. कठड्याच्या वर कापड टांगलं की अर्धवट झोपेत ते भिंतीसारखं वाटतं. मूल त्यावर रेलतं आणि खाली येतं. दोऱ्या, ओढण्या, गाठी मारलेले झोळणे वरच्या बेडवर गळ्याशी धोकादायक आहेत. कठड्यावरून घसरताना मान अडकते. म्हणून वर मऊ काही टांगायचं नाही, आडोसा कडक वस्तूचा करायचा. 12 मिमी प्लायचा 30 इंच लांब तुकडा घ्या, गादीच्या वर 14 इंच येईल इतका उंच, आणि उशीच्या बाजूला कठड्याच्या आतून लावा. 6 मिमीचे चार आरपार बोल्ट, गोल डोकं आत, नट बाहेर. कोपरे इंचभर गोल करून घ्या, कडेला लिपिंग (पातळ लाकडी पट्टी) मारा. दारातून पाहणाऱ्याला आडवं पडलेलं मूल दिसत नाही, त्याला मात्र बसल्यावर सगळी खोली दिसते. सात वर्षांच्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. पूर्ण लांबी झाकू नका. रात्री तुम्हाला तो दिसायला हवा.

हे करताना कठडाही तपासा. अमेरिकी नियमात तो गादीच्या माथ्यापासून किमान 5 इंच वर हवा. माझ्या मते 10 च्या खाली समाधान मानू नये. वरची गादी 4 इंचांची ठेवा. आपल्याकडे बेडवर नवी जाड गादी येते आणि कठडा आपोआप बुटका होतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कठड्याच्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत, आणि भिंतीच्या बाजूलाही फट राहू देऊ नका.

वरच्या मुलाची ‘खाजगी’ मालमत्ता हा वेगळा विषय आहे. पायाकडच्या फळीला आतून 5 इंच खोल, पुढे दोन इंची पट्टी असलेली फळी लावा. उशीच्या वरच्या बाजूला कधीही नको. ही फळी भिंतीत ठोकायची असेल तर आधी भिंत ओळखा: सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लग) लवकर सैल होते, लांब नायलॉनची लागते, मायवान पद्धतीच्या (साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) इमारतीत भिंतच काँक्रीटची, तिथे हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. बेडलाच लावणं सगळ्यांत सोयीचं. शिवाय कठड्याच्या आतून जुन्या जीन्सचे चार खिसे शिवून लावा. चित्रं टाचणीने लावू नका, टाचण्या अंथरुणात पडतात. पातळ लाकडी पट्टीवर कपड्यांचे चिमटे चिकटवले की काम होतं. एक कुलपाची छोटी पत्र्याची पेटी मात्र खाली जमिनीवर असू द्या, वर जड काही नको.

दिव्यांसाठी 230 व्होल्टचं एक्स्टेन्शन गादीखालून नेऊ नका. पाच व्होल्टवर चालणारा, पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी दिवा प्रत्येकी एक, स्वतःच्या बटणाचा. एकाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांवर आला की सगळी मेहनत वाया, म्हणून खालचा दिवा वरच्या बेडच्या तळाला भिंतीकडच्या कोपऱ्यात लावा आणि दोघांच्या उशा विरुद्ध टोकांना ठेवा. दिवा पॉवर बँकवर चालवत असाल तर ती उशीखाली किंवा पांघरुणात चार्ज होऊ देऊ नका.

वरच्या बेडचा तळ सलग प्लायचा असेल तर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी येते आणि तो वास पडद्याआड कोंडतो. सुताराला दर 6 इंचांवर 25 मिमीची भोकं पाडायला सांगा आणि आठवड्यातून एकदा गादी उभी करा. खालून भोकं दिसायला नको असतील तर तळाला पातळ मलमल ताणून स्टेपल करा. वरून धूळ पडायचीही थांबते.

हेच उत्तर भाड्याच्या घरात, लोखंडी पाइपच्या बेडला लागू करायचं असेल तर ट्रॅकऐवजी वेल्क्रोचे पट्टे वापरा: इंचभर रुंद, पाइपला एक वेढा घालून दोन इंच एकमेकांवर येतील इतके, दर 9-10 इंचांवर एक. पडदा सरकत नाही, गुंडाळून वर बांधावा लागतो, पण मूल लोंबकळलं तर पट्टे सुटून कापड खाली येऊ शकतं. यात गाठ बांधायचा मोह आवरा.

पडदा बंद असेल तर बाहेरून हाक मारायची आणि उत्तर आल्यावरच उघडायचा, हे भावालाही सांगा आणि स्वतःही पाळा. उलट मुलीलाही सांगून ठेवा, की हाकेला ओ आली नाही तर आई-बाबा पडदा उघडणार. काम झाल्यावर महिन्याभराने बेडचे सगळे बोल्ट एकदा पिळा, त्यानंतर दर तीन महिन्यांनी. बेड कुरकुरायला लागला तर तीन महिन्यांची वाट बघू नका.