कॉस्मेटिक सर्जरीनंतर चेहऱ्याची नस कायम दुखत राहिली, तर जगायचं कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हनुवटीचं इम्प्लांट बसवून १४ महिने झाले, आठव्या महिन्यात ते काढूनही टाकलं, तरी डावीकडच्या खालच्या ओठाची आग थांबत नाही. सर्जन म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत, घरचे म्हणतात हौस नडली. आता हे घेऊन जगायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण माझंही हेच इम्प्लांट होतं, हीच नस, फक्त बाजू उजवी, आणि या दुखण्याला आता आठ वर्षं होतील. म्हणून लिहिते.

आधी घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. माझी आई म्हणाली होती, "देवाने दिलेलं तोंड काय वाईट होतं?" आणि मला ते पटलं होतं. बाविसाव्या वर्षापासून पाहण्याच्या कार्यक्रमांत "मुलगी गोड आहे, पण हनुवटी आत आहे" हे ऐकत आले होते. चौतिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून ऑपरेशन करून घेतलं. मग दुखायला लागल्यावर वाटलं, आपणच पैसे मोजून आणलेलं दुखणं, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? तपासणीला गेले की "थोडं बधिर वाटतं" एवढंच बोलायची. ऑफिसात दाढ दुखते म्हणून सांगायची. असे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत नशीचे उपचार सुरू होऊ शकले असते, ते मी लाजेपायी घालवले. रस्त्यात पाय घसरून मोडलेलं हाड आणि हौसेने गडावर जाऊन मोडलेलं हाड, दोन्हींना प्लास्टर सारखंच लागतं. "हौस कशाला केलीस" असं तिथे कुणी विचारत नाही. तुम्हाला झालीय ती नशीची इजा आहे, तिला शिक्षा समजू नका.

आता ते "रिपोर्ट नॉर्मल". साध्या एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही. आपल्या चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नशीला ट्रायजेमिनल म्हणतात, तिला तीन फांद्या. तिसरी फांदी खालच्या जबड्याच्या हाडातून पुढे येते आणि साधारण उपदाढांच्या खाली, हाडातल्या एका छोट्या छिद्रातून बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला जाते. या शेवटच्या भागाचं नाव मेंटल नर्व्ह. माझ्या केसपेपरवर ते नाव वाचून सासूबाई घाबरल्या होत्या, त्यांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या शब्दाचा मनाशी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये हनुवटीला मेंटम म्हणतात, त्यावरून ते आलंय. इम्प्लांट या छिद्राच्या अगदी शेजारी बसवतात. बसवताना नस ताणली जाऊ शकते, किंवा नंतर इम्प्लांट वर सरकून तिच्यावर दाब येऊ शकतो. सुरुवातीचे काही आठवडे बधिरपणा बऱ्याच जणांना असतो आणि तो जातो. इजा झालेली नस वाढते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, तेही वाढली तर. ही नस फक्त संवेदनेची आहे, त्यामुळे ओठ हलतो, हसताही येतं, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणूनच समोरच्याला पटत नाही.

इम्प्लांट काढल्यावर सगळं थांबेल असं मलाही वाटलं होतं. दाब गेल्यावर काहींना आराम पडतो. पण नशीलाच जखम झाली असेल तर ती कारण नसताना मेंदूकडे संदेश पाठवत राहते, आणि मेंदूही त्या वाटेवर जास्तच जागा राहायला शिकतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत तिला स्वतःची जागा आहे. ही यादी २०२२ पासून लागू आहे. ही गोष्ट मी घरी मुद्दाम सांगितली होती.

एक इशारा देते, कारण यात मी फसले. आग हिरडीपर्यंत जायची म्हणून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि चांगल्या दाताचं रूट कॅनल करून बसले. आग तशीच राहिली. नशीचं दुखणं दातात जाणवतं आणि लोक एकामागून एक दात काढून घेतात. दात खरंच खराब असल्याचं दिसल्याशिवाय हात लावू देऊ नका. "दुसरं इम्प्लांट नीट बसवून देतो" म्हणणाऱ्यांपासूनही सध्या लांब राहा.

माझं वळण आलं ते परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या पेन क्लिनिकमध्ये. हे क्लिनिक बहुतेक ठिकाणी भूल देणारे डॉक्टर चालवतात, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तिथल्या मॅडमनी आधी कापसाचा बोळा ओठावरून फिरवला, मग सुईचं टोक, मग गार चमचा, आणि प्रत्येक वेळी विचारलं, काय वाटतं? कापसाने चटका बसला, सुईने काहीच वाटलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी माझं म्हणणं कागदावर उतरवत होतं. मग त्या छिद्रापाशी भुलीचं एक इंजेक्शन दिलं. त्याने आग थांबली तर उगम तिथेच, नाही थांबली तर मेंदूच्या बाजूला जास्त शोधायचं, असा त्याचा हिशेब. पाच मिनिटांत आग गेली.

परळहून मुलुंडला येणारी स्लो लोकल पकडली. एरवी मी डब्यात आत, पंख्यापासून लांब, ओढणी धरून उभी राहायची, कारण वाऱ्याची झुळूक म्हणजे ओठावर तापलेली तार. त्या दिवशी दाराजवळच्या खिडकीला बसले. कपाळाला वारा लागत होता, गालाला लागत होता, हनुवटीवर नुसती शांतता होती. माटुंगा, सायन, कुर्ला, एकेक स्टेशन जात होतं आणि मी वाट बघत होते की आता सुरू होईल. घाटकोपर गेलं तरी नाही. घरी येऊन पोळ्या केल्या, साडेतीन तासांनी आग परत आली. पण हे दुखणं थांबू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मिस्टरांनाही कळलं, ते त्यानंतर "मनावर घेऊ नकोस" म्हणाले नाहीत.

औषधांचं सांगते, पण यातलं काहीही दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका. कॉम्बिफ्लामसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा नशीच्या वेदनेला फारसा उपयोग होत नाही, पोट मात्र बिघडतं. इथे अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधं देतात. यातली काही नैराश्याची, काही फिटची म्हणून ओळखली जातात. चिठ्ठी वाचून घाबरू नका, नशीचा उतावळेपणा शांत करायला ती दिलेली असतात. माझी सुरुवात रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनने झाली. पहिले दहा दिवस तोंडाला कोरड आणि सकाळी जडपणा, फरक जाणवायला महिना लागला. पुढे प्रीगॅबालिन जोडलं, चार किलो वजन वाढलं, पण झोप लागायला लागली. झोप लागली की दुखणं निम्मं होतं, हा माझा अनुभव. गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्या. विजेच्या करंटसारख्या सणका येत असतील तर कार्बामाझेपिन देतात. आशियाई वंशाच्या काही लोकांत एक जनुक असतं, त्यामुळे या गोळीने त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून आधी रक्ततपासणीबद्दल विचारा, आणि अंगावर पुरळ आलं तर थेट दवाखाना गाठा. जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल मला ऑफिसच्या एसीच्या दिवसांत उपयोगी पडतं.

तुम्ही अजून कुणाला दाखवलं नसेल तर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनला, म्हणजे तोंड आणि जबड्याच्या सर्जनला, एकदा दाखवाच. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हा विभाग आहे, आणि खर्च खासगीच्या मानाने फार कमी. सीटी किंवा सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून हाड झिजलंय का, काही तुकडा राहिलाय का हे बघता येतं. नस शिवण्या-सोडवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी जितकं लवकर तितकं बरं असतं, म्हणून हे लांबणीवर टाकू नका. सूज, पू, ताप, किंवा ओठ हलेनासा झाला, तर त्याच दिवशी जायचं.

रोजच्या जगण्यात मला कामी आलेलं सांगते. हलका स्पर्श जाळतो, पण तळहाताने घट्ट दाबलं तर बरं वाटतं, म्हणून झटका आला की मी तळहात टेकवून बसते. ब्रश लहान मुलांचा, पाणी कोमट. ओढणी सुती नको, तिची कड खरवडते, जुन्या रेशमी साडीचा तुकडा मऊ लागतो. चहा ओठाला लावण्याआधी बोटाने बघायचा, कारण बधिर भागाला भाजलेलं कळत नाही. मला फोड आल्यावर कळलं होतं. आणि आरशासमोर बसून दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं आधी रेशीम, मग कापूस, मग मऊ टॉवेल असं हळूहळू फिरवायचं. मेंदूला पुन्हा शिकवायचं असतं की हा स्पर्श आहे, हा धोका नाही. सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्या मुलीने त्या बाजूला पापा घेतला आणि मी मागे सरकले नाही.

मनाचं दुखणं वेगळं काढून ठेवता येत नाही. मी एक वर्ष समुपदेशकाकडे गेले, वेदनेसाठीही आणि आरशासाठीही. "नको हे जगणं" असं रात्री मनात आलं तर एकट्याने काढू नका, १४४१६ वर टेली-मानसची सरकारी सेवा चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा तिथे फोन केलाय.

कागदांबद्दल. मी विमा कंपनीत आहे म्हणून सांगते, कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीत वगळलेली असते, तेव्हा पुढच्या उपचारांचा दावा आधी लेखी विचारून मगच गृहीत धरा. तुमची केस फाइल, ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटचं स्टिकर लेखी मागा, ७२ तासांत कागद द्यावेत असा नियम आहे. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. माझी लाजेत निघून गेली. तुम्हाला जायचंच नसेल तरी मुदत संपण्याआधी एकदा वकिलाशी बोलून घ्या.

आज माझी आग शून्य नाही. आधी दहापैकी आठ असायची, आता बहुतेक दिवस दोन-तीन, पावसाळ्यात आणि जागरण झालं की पाच. मी नोकरी करते, लोकलने जाते, लग्नांत जेवते.

एक काम मात्र आज रात्रीच करा. काजळाची पेन्सिल घ्या, आरशासमोर बसा, जिथे बधिर आहे तिथे ठिपके द्या आणि जिथे आग होते तिथे रेघा मारा. फोटो काढून त्यावर तारीख टाका, दर महिन्याच्या १ तारखेला पुन्हा काढा. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर "थोडं बधिर वाटतं" म्हणू नका. ते फोटो टेबलावर ठेवा.