64व्या क्रमांकाचा खेळाडू

ताई, तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला गाभा आधी सांगते. तुमचा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. गेल्या वर्षभरात व्यावसायिक स्नूकरचा आख्खा हंगाम त्याने रात्री जागून पाहिला. स्वतः चार वर्षं खेळतो आहे, सरावात 94 चा ब्रेक (टेबलावर एका पाळीत सलग मिळवलेले गुण) केला आहे. आता म्हणतो, बारावीनंतर शिक्षण थांबवतो, दोन वर्षं द्या, इंग्लंडला जाऊन क्यू स्कूल (व्यावसायिक स्पर्धांत प्रवेश देणारी पात्रता स्पर्धा) खेळतो. त्याचे बाबा म्हणतात, हा नाद आहे, खेळ नव्हे. विश्वविजेत्याला पाच लाख पौंड मिळतात, हे मुलाने तुम्हाला तीनदा ऐकवलं. तुमचा प्रश्न सरळ आहे: हे खरोखर करिअर आहे का?

आहे. बाबांना हे आधी सांगा, कारण घरातला अर्धा वाद तिथेच अडलेला दिसतो. या खेळात वर्षभर चालणारी व्यावसायिक स्पर्धांची मालिका, म्हणजे टूर आहे, क्रमवारी आहे, करार आहेत, पंच आहेत, शिस्तभंगाची चौकशी आहे. सुमारे सव्वाशे माणसं त्या टूरवर खेळतात आणि खेळाडू हाच त्यांचा पेशा आहे. नाद म्हणून ते बाजूला सारता येणार नाही.

पण तुमचा मुलगा हंगाम वरून खाली वाचतो आहे, आणि माझी काळजी तिथे आहे. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये मे महिन्यात होणारी अंतिम लढत, जास्तीत जास्त 35 फ्रेम्सचा, म्हणजे डावांचा सामना, दोन दिवस, शेवटी करंडक. 1977 पासून विश्वस्पर्धा तिथेच होते आणि ते दृश्य बघून कुणाचंही मन भरून येईल. माझंही येतं. मात्र पेशा म्हणून या खेळाकडे बघायचं, तर हंगाम खालून वर वाचावा लागतो. त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा: 64.

तो आकडा कुठून आला, ते सांगते. टूरवर खेळायला टूर कार्ड लागतं आणि ते दोन वर्षांचं असतं. दोन हंगाम संपले की क्रमवारीत पहिल्या 64 मध्ये असाल तर राहाल, नसाल तर बाहेर. एका हंगामाच्या कमाईवर काही जणांना परत घेतात, पण त्या जागा मोजक्या. आणि ही क्रमवारी म्हणजे चक्क पैशांची यादी आहे. 2014-15 पासून रँकिंग स्पर्धांत (क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत) गेल्या दोन वर्षांत मिळवलेले पौंड हेच गुण. नवा खेळाडू शून्यावर सुरू करतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र दोन वर्षांची कमाई पाठीशी घेऊन उभा असतो.

यादी सरकती आहे, हेही त्याला नीट समजलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेचे पैसे त्या स्पर्धेची वेळ पुन्हा आली की गळून पडतात. बेल्जियमचा लुका ब्रेसेल 2023 मध्ये विश्वविजेता झाला. ब्रिटन-आयर्लंडबाहेरच्या युरोपातला तो पहिलाच. त्याचे पाच लाख 2025 मध्ये यादीतून गेले आणि तो क्रमवारीत बराच खाली घसरला. म्हणजे जिंकलेलं सुद्धा कायमचं तुमचं राहत नाही, ते पुन्हा जिंकावं लागतं. विश्वविजेत्याची ही गत, तर पहिल्या फेरीत हरणाऱ्याची काय असेल?

तुमच्या मुलाने पाहिलेला हंगाम आता त्या 64व्या क्रमांकाच्या खेळाडूच्या जागी बसून बघू. जून-जुलैच्या सुमारास सुरुवात होते. मग चीनमधल्या मोठ्या स्पर्धा, इंग्लंड, उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या चार देशांच्या ओपन, यॉर्कची यूके चॅम्पियनशिप, बर्लिनची जर्मन मास्टर्स, शेवटी शेफील्ड. एकेकाळी इतकं काम नव्हतं. 2009-10 मध्ये आख्ख्या हंगामात सहाच रँकिंग स्पर्धा होत्या. 2024-25 मध्ये 18 झाल्या. संधी वाढली, हे खरंच चांगलं झालं. पण संधीसोबत विमानाची तिकिटं आणि हॉटेलची बिलंही वाढली, आणि ती खेळाडूच्या खिशातून जातात.

टीव्हीवर न दिसणारा भाग पात्रता फेऱ्यांचा. चीनमधल्या बऱ्याच स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या ब्रिटनमध्येच होतात. एखाद्या क्रीडा संकुलात ओळीने टेबलं मांडलेली, प्रेक्षक जवळजवळ नाहीत, शेजारच्या टेबलावरचा आवाज आपल्या शॉटच्या मधे येतो. तिथे जिंकलात तर चीनला जाता. हरलात तर तो आठवडा संपला आणि बहुतेक वेळा हाती काहीच नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांचे सामने अनेकदा सात फ्रेम्सचे, म्हणजे समोरच्याने चार घेतल्या की संपलं. क्रूसिबलवर लांब सामन्यात पिछाडीवरून परत येणारे खेळाडू तुमच्या मुलाने पाहिले असतील. या छोट्या सामन्यांत परत यायला वेळच नसतो. एक चुकलेली सेफ्टी (समोरच्याला सोपा चेंडू न ठेवणारा बचावाचा शॉट), एक लांबचा लाल चेंडू हुकला, की माणूस खुर्चीत बसून राहतो आणि समोरचा टेबल साफ करतो.

मला वाटतं, या खेळातलं सर्वांत अवघड कौशल्य ते खुर्चीत बसणं आहे. टेनिसमध्ये निदान पुढचा चेंडू परतवायला मिळतो. इथे दुसऱ्याची चूक होईपर्यंत हातात फक्त पाण्याचा ग्लास. मुलाला विचारा, वीस मिनिटं खुर्चीत बसून उठल्यावर पहिला शॉट कसा जातो? 94 च्या ब्रेकपेक्षा हे उत्तर मला जास्त काही सांगेल.

ब्रेकबद्दलही बोलू. सरावातला 94 चांगला आहे, त्याला कमी लेखू नका. पण तो ज्यांच्यात जाणार आहे त्यांची पातळी त्याला माहीत हवी. ऑस्ट्रेलियाच्या नील रॉबर्टसनने 2013-14 च्या एका हंगामात स्पर्धेच्या सामन्यांत 103 शतकं, म्हणजे 100 किंवा जास्त गुणांचे ब्रेक, केली होती. तो अर्थात शिखरावरचा खेळाडू. तरी टूरवरचा खालच्या क्रमांकाचा खेळाडूही संधी मिळाली की टेबलावरच्या एकाच पाळीत फ्रेम संपवतो. म्हणून मुलाने सराव आणि सामना यांची वेगवेगळी वही ठेवावी. सामन्यात 50 च्या वरचे ब्रेक किती, संधी मिळाल्यावर फ्रेम संपवली किती वेळा, आघाडी घेऊन हरला किती वेळा. सहा महिन्यांची अशी वही असेल तर आपण अंदाजाने बोलणार नाही.

पैशाचं सांगते, कारण बाबांना तेच ऐकायचं असेल. क्रूसिबलच्या मुख्य फेरीत 32 जण असतात. तिथे पहिलाच सामना हरलेल्यालाही 20,000 पौंड मिळतात, पण पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात हरलेल्याला काहीच नाही. 2022-23 च्या हंगामात टूरने कार्डधारकांसाठी वर्षाला 20,000 पौंडांची हमी आणली. ती बक्षिसावर वरकड नाही, जिंकलेल्या पैशातून वळती होणारी आगाऊ रक्कम आहे. महिन्याला साधारण 1,660 पौंड होतात. त्यातून ब्रिटनमध्ये घरभाडं, जेवण, सरावाचं टेबल, प्रशिक्षक आणि प्रवास भागवायचा. शिवाय ही हमी कार्ड मिळाल्यानंतरची. क्यू स्कूलला तर उलट आपणच प्रवेश फी भरतो. हरलो तर परत, पुढच्या वर्षी पुन्हा फी. म्हणून "दोन वर्षं द्या" हे वाक्य मला अपुरं वाटतं. दोन वर्षं कार्ड मिळवायला, की कार्ड मिळाल्यावर टिकायला? दोन्ही धरली तर चार-पाच वर्षांचा हिशेब मांडावा लागेल.

इंग्लंडला जाणं हाच एक रस्ता नाही, हेही त्याला सांगा. हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्याला टूर कार्ड मिळतं, खंडाच्या विजेत्यालाही मिळत आलं आहे. टूरच्या खाली क्यू टूर आहे, तिथल्या चांगल्या कामगिरीतूनही वर जाता येतं. कोणत्या वाटेने किती कार्डं हे दर हंगामाला बदलतं, म्हणून त्या वर्षीचं पत्रक त्याने स्वतः वाचून तुम्हाला समजावून सांगावं. आधी देशातल्या स्पर्धांत सातत्याने शेवटच्या आठांत येऊ दे. तिथे जो पोहोचत नाही, त्याच्यासाठी क्यू स्कूलची फी हे महागडं पर्यटन ठरतं.

आपल्याकडचे खेळाडू तिथे गेले आहेत. आदित्य मेहता 2013 मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला, रँकिंग स्पर्धेत एवढं पुढे जाणारा तो पहिला भारतीय. समोर होता चीनचा डिंग जुनहुई, जो कोवळ्या वयात घर सोडून ब्रिटनला गेला होता. पंकज अडवाणीने व्यावसायिक टूरवर दोन हंगाम काढले आणि मग कार्ड सोडून बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही खेळण्याचा रस्ता धरला. त्याच्या नावावर जागतिक विजेतेपदांचा ढीग आहे. टूर सोडणं म्हणजे हरणं, असं तुमच्या मुलाला वाटत असेल तर हे उदाहरण त्याच्यापुढे ठेवा.

आता एक अवघड गोष्ट. 2023 मध्ये चीनच्या दहा खेळाडूंवर सामनेनिश्चितीच्या प्रकरणात बंदी आली, त्यातल्या दोघांवर आजन्म. काही तरुणांवर वरिष्ठ खेळाडूंचा दबाव होता, असं चौकशी आयोगाने नोंदवलं. घरापासून हजारो मैल लांब राहणारी मुलं, एकमेकांशिवाय कुणी नाही. त्यांच्यापैकी झाओ शिनतोंगला वीस महिन्यांची बंदी झाली. ती भोगून तो हौशी खेळाडू म्हणून परतला, क्यू टूर खेळला, पात्रतेचे चार सामने जिंकून क्रूसिबलवर गेला आणि 2025 चा विश्वविजेता झाला. तुमच्या मुलाला ही गोष्ट पाठ असेल, पण बहुधा फक्त दुसरा अर्धा भाग. पहिल्या अर्ध्याबद्दल त्याच्याशी बोला. परदेशात एकटा असताना कुणी "एक फ्रेम सोड" म्हणालं तर तो आधी कुणाला फोन करेल? उत्तर "आईला" असेल, इतकं नातं घरात आज हवं. बाबांनी बोलणं टाकलं तर ते उरणार नाही. म्हणून बाबांना माझी कळकळीची विनंती आहे, त्याचा एक सामना बघायला जा. काही न बोलता बसा.

शिक्षण थांबवू नका. घाई करण्याइतका हा खेळ वयाला कठोर नाही. 2025 च्या अंतिम सामन्यात झाओसमोर मार्क विल्यम्स होता, वय 50. लहान वयात पुढे जाणारे असतात, रॉनी ओ'सलिव्हन सतराव्या वर्षी यूके चॅम्पियन झाला होता. पण ते मूल कोणत्या तोडीचं आहे हे तोवर सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. बारावी पूर्ण, मग दूरशिक्षणाने पदवी, दिवसाचे चार-पाच तास टेबलावर, वर्षातून दोन-तीन मोठ्या स्पर्धा. पदवीसाठी हिशेबशास्त्र घेतलं तर मला आवडेल, कारण स्वतःचा हंगाम चालवणं हा एक छोटा धंदाच असतो. वीस वर्षांचा होईपर्यंत वहीतले आकडे वर चढत असतील, तर क्यू स्कूलची फी मी स्वतः तुम्हाला भरायला सांगेन.

तोवर त्याला एक काम द्या. गेल्या हंगामात क्रमवारीत 60 ते 68 च्या मधे असलेला एक खेळाडू त्याने निवडावा. त्याचे वर्षभराचे सगळे निकाल टूरच्या संकेतस्थळावर सापडतात. कोणत्या महिन्यात कुठे गेला, कोणत्या फेरीत हरला, किती पौंड मिळाले, आणि तिथवर जायला-राहायला अंदाजे किती लागले असतील, हे एका मोठ्या कागदावर मांडावं. शेवटी बेरीज-वजाबाकी. बाबांनी शेजारी बसून खर्चाचा रकाना भरावा. कागद पूर्ण झाला की त्याचा फोटो मला पाठवा. मग आपण तिघं-चौघं फोनवर बोलू, आणि त्या वेळी बोलायला सुरुवात मुलाने करावी.