एअर गादी आणा, पण तिच्या भरवशावर आजींना सोडू नका

तुमचा प्रश्न असा आहे: आजी ८२ वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, महिनाभर पलंगावरच आहेत, माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतोय, तर एअर गादी कुठल्या कंपनीची घ्यावी?

कंपनी कुठलीही चालेल, प्रकार बघून घ्या. छोट्या फुग्यांची बबल गादी स्वस्त पडते, पण फुगे बुटके असतात आणि माकडहाड खाली टेकतं. चट्टा आलेला असताना आडव्या नळ्यांची, म्हणजे ट्यूब्युलर घ्या. तिच्या नळ्या एकाआड एक फुगतात आणि बसतात, म्हणून भार एकाच जागी राहत नाही. ती नेहमीच्या गादीवर अंथरा आणि पंप पायाकडच्या कठड्याला अडकवा. पंपाची नळी कुठे दुमडत नाही ना, तेही बघा. पंपावरची कळ आजींच्या वजनाप्रमाणे लावायची. बहुतेक घरांत ती पूर्ण फिरवून ठेवलेली असते आणि मग गादी फळीसारखी कडक होते. आजी उताण्या असताना एअर गादी आणि खालची गादी यांच्यामध्ये, माकडहाडाच्या खाली, तळवा सरकवून बघा. मध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.

वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चौपदरी चादर असा थर रचलात तर गादी घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच. गाऊनला पिना नकोत. वीज जात असेल तर पंप इन्व्हर्टरवर टाका, त्याला वीज फार लागत नाही.

आता मुद्द्याचं. गादी आली की घरातले निर्धास्त होतात आणि कूस बदलणं थांबतं. म्हणून गादी असूनही जखमा होतात.

आधी चट्टा तपासा. बोटाने तीन सेकंद दाबा आणि सोडा. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, अजून वेळ आहे. लालच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी भार पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे काळपट-जांभळट झाक बघा आणि आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागते का ते हाताने बघा. सोबत टाचा, घोटे, खुबे, कानांच्या मागची बाजू आणि डोक्याचा मागचा भागही रोज बघायचा. टाच हमखास राहून जाते.

कूस बदलायची ती पूर्ण आडवं करून नाही. नव्वद अंशात झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणजे एक जखम वाचवून दुसरी तयार. तीस अंश पुरे. ज्या कुशीवर वळवायचंय त्या बाजूला उभे राहा, पलीकडचा खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवा. दुसऱ्याने पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी लावायची, मग आजींना तिच्यावर रेलू द्या. आता खाली हात घालून बघा: माकडहाड अधांतरी हवं आणि खुब्याचं हाडही रुतलेलं नको. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली लांब, म्हणजे टाचा हवेत राहतात.

आजी खाली घसरल्या की काखेत हात घालून ओढू नका. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं मांस हाडाबरोबर सरकतं आणि जखम आतून सुरू होते. खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर कायम घालून ठेवा, दोघांनी दोन्ही बाजूंनी तिची कड गुंडाळून धरायची आणि उचलून वर घ्यायचं. पलंगाचं डोकं दिवसभर उंच ठेवल्यानेही असंच घसरणं होतं. जेवताना नीट बसवा, नंतर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, मग तीस अंशांच्या खाली आणा.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. इथे प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणतंच, "अहो, झोपू द्या त्यांना, या वयात कशाला हाल?" असं म्हणणारे बहुधा बाहेरच्या खोलीत बसून बोलतात, ड्रेसिंगच्या वेळी आत येत नाहीत. खोल जखम भरायला महिने लागतात आणि तेवढे दिवस झोपमोड होते ती वेगळीच. चट्टा नसेल आणि गादी चांगली असेल तर रात्रीचं अंतर तीन-चार तासांवर नेता येतं. तुमच्याकडे चट्टा आहे, तेव्हा तो जाईपर्यंत सवलत नाही. रात्री १०, १२, २, ४, ६ अशा वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा आणि समोर नावं घाला. नावांत घरातले पुरुषही असू द्या. सगळं सुनेवर आणि ब्युरोतल्या मावशींवर टाकून नंतर "लक्ष दिलं नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

चट्ट्यावर मालिश करू नका, आत दुखावलेल्या रक्तवाहिन्या आणखी फाटतात. स्पिरिट, डेटॉल, हळद, पावडर काही नको. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, पावडर घामात भिजून तिचे खडे होतात. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. ओलं डायपर रात्रभर ठेवू नका. कूस बदलतानाच बघा, कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा.

खाण्यात साबुदाण्याची खीर, पेज आणि वरणाचं पाणी यावर माणूस जगतो, जखम भरत नाही. ४५ किलोच्या बाईला अशा वेळी दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. हिशेब करून बघा, आजींच्या पोटात किती जातंय. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

खरा उपाय म्हणजे त्यांना उठवणं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकरवर उभं करतात. महिनाभर का झोपून आहेत, पायावर किती भार द्यायचा, हे सर्जनना स्पष्ट विचारा. परवानगी असेल तर उठवताना आधी कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, कारण एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो आणि पुन्हा पडायची भीती. खुर्चीतही सलग तासाभराहून जास्त नको.

सांधा बदललेला असेल तर मांडी घालणं, पाय एकावर एक टाकणं आणि बुटकं आसन बंद. ऑपरेशन झालेल्या कुशीवर झोपवायचं का, तेही सर्जनच सांगतील. कमोड खुर्ची घ्यावीच लागेल. वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साहित्यासाठी ३,००० रुपये मिळतात.

कातडी फुटली, काळी पडली, वास आला, ताप आला किंवा एकच पोटरी सुजली तर इथे उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर चट्टा असतानाच दाखवा.