पीळ तपासला, पण छेदाचा आकार टिकेल का?

प्रश्न : पुलाच्या पोलादी बॉक्स गर्डरचे, म्हणजे पेटीसारख्या पोकळ तुळईचे, विश्लेषण मी साध्या बीम मॉडेलवर केले, वाकण्याची आणि पिळाची प्रतिबले (आतले ताण) मर्यादेत आहेत. तरीही तपासणाऱ्या अभियंत्यांनी छेदाच्या आकारविकृतीचा, म्हणजे चौकोनी छेद तिरपा होण्याचा, हिशेब वेगळा मागितला आहे. पिळात तो येत नाही का? आणि आतले डायफ्राम (पेटीतल्या आडव्या छेदभिंती) किती अंतरावर द्यावेत?

उत्तर : येत नाही, कारण छेदाचा आकार बदलतच नाही हे बीम मॉडेलचे गृहीतकच असते. काडेपेटीतला खण काढून रिकामे वेष्टन कोपऱ्यावर दाबून पाहा, ते लगेच तिरपे होते. खण परत सरकवला की तेच वेष्टन दाद देत नाही. डायफ्राम हे त्या खणाचेच काम करतो.

समजा, 4 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच पेटीच्या एकाच वेबवर (उभ्या भिंतीवर) 400 किलोन्यूटन भार आहे. वाकण्याचा वाटा वेगळा काढला की एका वेबवर 200 खाली आणि दुसऱ्यावर 200 वर, म्हणजे 800 किलोन्यूटन-मीटर पीळ उरतो. शुद्ध पिळाचा कर्तनप्रवाह (भिंतींच्या प्रतलात सरकवणारे बल) मात्र चारही भिंतींतून फिरतो, त्यामुळे प्रत्येक वेबच्या वाट्याला 100 आणि प्रत्येक फ्लँजच्या (वरच्या किंवा खालच्या भिंतीच्या) वाट्याला 200 किलोन्यूटन येतात. प्रत्यक्ष भार आणि हा प्रवाह यांतल्या फरकातून वेबवर 100ची व फ्लँजवर 200ची, अशा 400 किलोन्यूटन-मीटरच्या दोन विरुद्ध जोड्या उरतात. त्यांची बेरीज शून्य असल्याने आधारांवरच्या प्रतिक्रियांत त्यांचा मागमूसही लागत नाही, पण छेद तिरपा होतो तो त्यांच्यामुळेच.

त्यांना विरोध दोन प्रकारे होतो. भिंती चौकटीसारख्या आडव्या वाकतात, आणि पोलादी पेटीत याचा त्रास वेब-फ्लँजच्या वेल्डला थकव्याच्या (वारंवार भाराने तडे जाण्याच्या) रूपाने होतो. शिवाय प्रत्येक भिंत आपल्या प्रतलात वाकल्याने कोपऱ्यांत लांबीच्या दिशेचे जादा प्रतिबल येते. जाडी निम्मी केली की पत्र्याची आडवी वाकण-दृढता एक अष्टमांश होते, म्हणून जाड भिंतींच्या काँक्रीट पेटीचे बहुधा आधारांवरच्या डायफ्रामवरच भागते, पोलादी पेटीचे भागत नाही.

अंतराचा ठरीव आकडा मी देणार नाही. हिशेब लवचिक पायावरच्या तुळईचा मांडा : चौकटीची दृढता हा पाया, भिंतींची प्रतलातली दृढता ही तुळई आणि डायफ्राम हे तिचे आधार. चाकाचा भार दोन डायफ्रामच्या मध्ये ठेवून दोन्ही प्रतिबले काढा, आणि ती मर्यादेत येईपर्यंत अंतर कमी करत जा. आधारावरचा डायफ्राम मात्र स्वतंत्रपणे तपासा. 1970मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन येथे उभारणी चालू असताना खांबावरचाच डायफ्राम चेपला आणि पूल कोसळला.

शेल मॉडेल (प्रत्येक भिंत पत्रा म्हणून दाखवणारे) केलेत, तर पीळ छेदाभोवती सारखा पसरवून लावू नका, कारण तसे केल्यास आकारविकृती उत्तरातून गायबच होते. भार ज्या वेबवर प्रत्यक्ष येतो, त्याच वेबवर टाका.