तंबोऱ्याखालची घूं

प्रश्न : मी घरून लॅपटॉपवर ऑनलाइन गाणं शिकवते. वेबकॅमच्या माइकमधून मुलींना सतत ‘घूंऽऽ’ ऐकू जातं. माझी पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा माझा सा. मुली म्हणतात, ‘ताई, तंबोरा जरा चढा लागलाय.’ तो तर मी नीट जुळवून घेतलेला असतो. नॉइज सप्रेशन लावलं की घूं जाते, पण तंबोराही गायब होतो. वेबकॅम बदलू का?
— एक गायनशिक्षिका, मिरज

उत्तर : ताई, इतक्यात बदलू नका. आणि मुलींचं कौतुक करा, त्यांचे कान फार तयार आहेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिची घूं 50, 100, 150 अशा पटींत उमटते. पांढरी पाचच्या तंबोऱ्यात खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची तार 98 हर्ट्झला बोलते. तिच्या शेजारी 100 ची घूं आली की सेकंदाला साधारण दोन हेलकावे पडतात आणि षड्ज चढा भासतो. नॉइज सप्रेशन एकसारखा चालणारा आवाज कापतं, त्याला तंबोराही तसाच वाटतो. ते बंदच ठेवा.

आता चार्जर काढा आणि बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष बहुधा अर्थिंगचा. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का, तेही बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातला असेल तर तो कन्व्हर्टर आधी काढा. मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात 230 च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत.

माझ्या घरी एक्स्टेन्शन बोर्ड उघडला तेव्हा हिरवी वायर स्क्रूला लावलेलीच नव्हती, नुसती आत दुमडून ठेवली होती. त्याच बोर्डावर मी आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. नंतर फिल्टरने घूं काढली, पण आईच्या आवाजातला भरदारपणाही त्याबरोबर गेला. ती आता नाही. म्हणून कळकळीने सांगतो, आवाज नंतर साफ करू म्हणून ठेवू नका.

बॅटरीवरही घूं राहिली तर माइकवर जाड टॉवेलची घडी धरा. आवाज दबला तर तो खोलीतलाच आहे : पंखा नाहीतर फ्रीज. तेवढाच राहिला तर वेबकॅम यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीतून) काढून थेट लॅपटॉपला लावा आणि साउंड सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट असेल तर शून्यावर आणा. बूस्ट 20-30 डेसिबलवर असेल तर घूंही तितकीच फुगते. त्याऐवजी कॅमेरा जवळ घ्या. अंतर निम्मं झालं की तुमचा आवाज 6 डेसिबलने वाढतो, विजेची घूं होती तेवढीच राहते.

एवढं करूनही, दुसऱ्या लॅपटॉपवरसुद्धा तीच घूं आली, तरच नवा वेबकॅम घ्या.