एसी लावल्यावर आयडलिंग पडते: अल्टरनेटर बदलण्याआधी काय मोजावे?

घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत एसी आणि हेडलाइट एकदम लावले की आपल्या पेट्रोल गाडीचे आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) पडतात, दिवे मंदावतात, क्वचित इंजिन बंद पडते. गॅरेजने अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करणारा भाग) बदलायला सांगितला आहे, तर तो बदलावा का, असे आपण विचारले आहे. मोजल्याशिवाय बदलू नका. अल्टरनेटर इंजिनच्याच बेल्टवर फिरत असल्यामुळे आरपीएम खूप उतरले की त्याची वीजही कमी पडते, आणि विजेची मागणी वाढली की तो उलट इंजिनवरच जास्त भार टाकतो. त्यामुळे नुसत्या मंद दिव्यांवरून दोष कोणाचा हे कळत नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, १२.४ पेक्षा कमी असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या. मग गाडी मोकळ्या जागेत आणून (बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणे जीवघेणे ठरू शकते) हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये सुरू करा. एसी बंद ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावा. व्होल्टेज साडेतेराच्या आसपास टिकले, पण नंतर केवळ एसीचा कॉम्प्रेसर लागताच आरपीएम कोसळले, तर बहुधा थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) कार्बन साचला आहे किंवा हवा कुठून तरी गळते आहे. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर अनेक गाड्यांत आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती फिरावे ते, स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते, हे गॅरेजला आवर्जून सांगा.

याउलट विजेच्या भारानेच व्होल्टेज १३ च्या खाली गेले आणि २००० आरपीएमवरही सावरले नाही, तर बेल्टचा ताण, टर्मिनल आणि अर्थिंग (इंजिन व बॉडीची बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) पाहिल्यावरच अल्टरनेटरकडे वळा. अर्थिंगकडे फार दुर्लक्ष होते. मी नेरुळला खाडीपासून जवळ राहतो. माझ्या गाडीचा अल्टरनेटर एका गॅरेजने बदलला, तरी दिवे मंदच राहिले. शेवटी सगळा भार चालू ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मीटर धरला, तेव्हा ०.६ व्होल्ट आले, तिथे ०.२ पेक्षा जास्त नसावेत. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी खारट दमट हवेने बोल्टखाली गंजली होती. ती बदलली, जागा घासून बोल्ट घट्ट बसवला, आणि दिवे पूर्ववत झाले.

अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी अजूनही आहे. ते कोणालाही करू देऊ नका; त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जळू शकतो. वरचे आकडे कागदावर लिहून गॅरेजमध्ये न्या आणि त्यांच्या समोर एकदा पुन्हा मोजा.