मोबाइलच्या कॅमेऱ्याने भिंतीच्या किंवा कपड्यांच्या आरपार दिसतं का, आणि त्याचे किरण शरीराला घातक असतात का?

भिंतीपलीकडचं दाखवणारा मोबाइल बाजारात नाही आणि किरणांची भीती बाळगायचं कारण नाही; कपड्यांबाबतची शंका मात्र अगदीच निराधार नाही. २०२० मध्ये वनप्लस ८ प्रो या फोनच्या एका कॅमेरा फिल्टरमधून रिमोटचं पातळ काळं प्लास्टिक आणि काही गडद, पातळ कापडं थोडीफार आरपार दिसायची. कारण साधं आहे: डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश अशा वस्तूंमधून जातो आणि त्या कॅमेऱ्याला तो टिपता येत होता. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागून त्या फिल्टरला लगाम घातला. यात फोन स्वतः काहीच सोडत नाही, आसपासचा प्रकाश फक्त टिपतो, त्यामुळे तब्येतीचा प्रश्नच येत नाही.

आरपार पाहण्याचं दुसरं तंत्र टेराहर्ट्झ लहरींचं, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधल्या लहरींचं. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये या लहरी वापरणारी आणि फोनमध्ये बसू शकेल अशी चिप मांडली. खाजगीपणाचा विचार करून त्यांनी मुद्दाम चार इंचांच्या आतल्या अंतरावरच लक्ष दिलं. एक्स-रे रेणूंमधले इलेक्ट्रॉन उखडून डीएनएला इजा करू शकतो. टेराहर्ट्झ लहरींत तेवढी ऊर्जा नसते आणि त्वचेतलं पाणी त्यांना वरच्यावरच शोषून घेतं. अर्थात झोत फार तीव्र असेल तर त्वचा तापू शकते, पण ती ताकद फोनच्या चिपमध्ये नसते.

‘एक्स-रे कॅमेरा’ म्हणवणारी ॲप्स निव्वळ बनवाबनवी असतात. तुमच्या खाजगीपणाला खरा धोका त्यांचाच, कारण गॅलरी आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी तीच मागतात.